मागची दाढ

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. किती म्हातारी ते मला ठाऊक नाही, कारण माझा जन्म कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही. डॉक्टरांनी माझे डोळे आणि नखे पाहून "आठ-नऊ वर्षांची असेल" असे सांगितले, तेव्हापासून मी आठ-नऊ वर्षांची आहे. माझा रंग मातकट आहे. एक कान उभा असतो, दुसरा पडलेला. मला चेंडू आणता येत नाही की पंजा देता येत नाही. शौर्याची म्हणावी अशी एकही गोष्ट माझ्या नावावर नाही. तरी माझी हकिकत ऐका.

माझे पहिले आयुष्य लाकडाच्या वखारीत गेले. फाटकाजवळ एक लोखंडी खुंटा होता, खुंट्याला साखळी होती आणि साखळीला मी. वखारीचा रखवालदार सकाळी चहात पाव बुडवून खायचा. एक तुकडा तो आपल्या तोंडात टाकी, एक माझ्यापुढे. "खा गं म्हातारे, आपल्या दोघांचं एकच हॉटेल," असे म्हणे. कोणी नवखा आला की मी भुंके, आणि तो म्हणे, "शाब्बास!" एवढे कौतुक मला पुरत होते.

मग एके दिवशी वखार बंद पडली. आधी यंत्रे गेली, मग लाकडे गेली, शेवटी रखवालदारही पिशवी खांद्याला अडकवून निघाला. जाताना तो माझ्याजवळ आला. त्याने साखळीचे कुलूप ओढून पाहिले, पण किल्ली मालकाकडे होती. "विचारतो त्यांना," तो म्हणाला. त्याने डब्यातला सगळा पाव माझ्यापुढे ठेवला आणि मागे न बघता गेला. त्याला कोणी किल्ली दिली नसावी. मित्रांनो, माझा त्याच्यावर राग नाही.

पाव संपला. बादलीतले पाणी तळाला गेले. मी साखळी चावू लागले. तीन दिवस चावली. चौथ्या दिवशी माझ्या उजव्या बाजूच्या मागच्या दाढेतून कट्ट असा आवाज आला. साखळीला काही झाले नव्हते.

रस्त्यावरच्या कोणीतरी कळवले आणि प्राण्यांच्या आश्रयघरातली माणसे कटर घेऊन आली. माझ्या मानेभोवती साखळीने केलेली जखम होती. सगळ्यांचे लक्ष तिच्याकडेच गेले. रोज मलम लागले, जखम भरली. तिथे चाळीस कुत्र्यांसाठी एका मोठ्या पातेल्यात भात शिजे, अगदी गिजगा. तो चावावा लागत नसे, नुसता गिळला तरी चाले. म्हणून माझ्या तोंडात कोणी पाहिले नाही, आणि मला सांगता आले नाही.

एका सकाळी तिथे एक बाई आली. ती शाळेची बस चालवायची. पहाटे निघायची, मुलांना शाळेत सोडून घरी यायची आणि दुपारी पुन्हा जायची. घरी तिचे वडील एकटे असत. ते गवंडी होते. वर्षापूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, फक्त एक उरला. का कोण जाणे, तो शब्द होता 'उद्या'. भूक लागली तरी उद्या, खिडकी उघडायची असली तरी उद्या, रागावले तरी उद्या.

"बाबांना सोबत हवी," बाई म्हणाली. "फार उड्या मारणारं नको. एखादं शांत."

आश्रयघरातल्या ताईंनी मला पुढे केले. सोबत कोरड्या खाण्याची एक भलीमोठी गोणी दिली. बारीक, गोल, कडक दाणे. "हेच द्या," त्या म्हणाल्या. "घरचं काही देऊ नका, नाहीतर सवय लागेल. सुरुवातीला नखरे करेल, लक्ष द्यायचं नाही. भूक लागली की आपोआप खाते. पंधरा दिवस बघा, नाहीच जमलं तर परत आणा."

अशी मी त्या घरी आले. दोन खोल्या, खिडकीशी बाबांची खुर्ची, खुर्चीशेजारी माझी गोधडी. मला साखळी नव्हती. पहिल्या रात्री मी तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आले, कोणी ओढते का ते बघायला.

बाईने वाडग्यात दाणे ओतले. खळखळ असा आवाज झाला. भूक तर सपाटून लागली होती. मी तोंडभर दाणे घेतले आणि चावले. एक दाणा फुटक्या दाढेत बरोबर घुसला. मित्रांनो, ती कळ कानातून डोक्यात गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी सगळे दाणे बाहेर टाकले आणि खुर्चीखाली शिरले. त्यानंतर वाडग्यातली खळखळ ऐकली तरी माझे अंग थरथरू लागे.

"नखरे सुरू झाले बाईसाहेबांचे," बाई हसून म्हणाली. तेव्हापासून माझे नाव बाईसाहेब पडले.

दुसऱ्या दिवशी ती हसली, तिसऱ्या दिवशी नाही. तिने दाण्यांवर सूप ओतले. मी सूप चाटले आणि दाणे धुऊन ठेवल्यासारखे मागे ठेवले. तिने एकेक दाणा हातावर घेऊन भरवला. तिचे मन मोडू नये म्हणून मी तो ओठात धरी, कोपऱ्यात जाई आणि तिच्या बुटात ठेवून येई. एकदा पहाटे घाईत तिने बूट पायात घातला आणि कुरकुर आवाज झाला. "अगं ए!" ती ओरडली, "हे काय माझ्या पायाला भरवतेस का?"

एका संध्याकाळी तर ती स्वतः हातापायांवर रांगत वाडग्याशी आली, एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि "अहाहा! काय चव आहे!" म्हणून मोठ्याने चघळू लागली. खुर्चीत बाबा हसले. खूप दिवसांनी हसले असावेत, कारण बाई चघळायची थांबली, त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडली. मी शेपटी हलवली. त्याहून जास्त मला काही येत नव्हते.

माझ्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. बाईने ताईंना फोन केला. "दोन दिवस दुसरं काहीच देऊ नका," त्या म्हणाल्या. बाईच्या जिवावर आले, पण तिने ऐकले. ती वाईट नव्हती, मित्रांनो. मी जगावे म्हणूनच ती मला उपाशी ठेवत होती. मी तिच्याकडे बघायचे आणि ती माझ्याकडे, आणि आमच्यामध्ये तो भरलेला वाडगा असायचा.

त्या दोन दिवसांत बाबांना कळले. ती बसवर गेली की घरात आम्ही दोघेच. बाबा डाव्या हाताने माझे डोके कुरवाळत बसत. गवंड्याचा हात तो. गिलावा कुठे फुगलाय, आत कुठे पोकळ आहे, हे त्याला बोटांनी समजे. दुसऱ्या दिवशी त्यांची बोटे माझ्या उजव्या जबड्यावर आली आणि थांबली. तिथे सूज होती. त्यांनी हलकेच दाबले. मी कळवळले. "उद्या," ते अगदी हळू म्हणाले.

बाई घरी येताच त्यांनी आपल्या गालावर बोट ठेवले. मग माझ्याकडे दाखवले. पुन्हा गालावर. "उद्या! उद्या!"

"दात दुखतोय बाबा? अहो, मग सांगायचं नाही का!" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "उद्या जाऊ या आपण डॉक्टरांकडे."

बाबांनी मान हलवली, खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली. त्याने तिची खात्रीच पटली, की दुखणे फार आहे. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना कसेबसे तीन जिने उतरवले, दाताच्या डॉक्टरकडे नेले, आणि दोन तासांनी परत आणले. "डॉक्टर म्हणतात, यांचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "बाबा, मग का हो छळता?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या पायाशी पडून होते. आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघांचाही काही उपयोग नव्हता.

तेराव्या दिवशी बाईने फोन लावला. "ताई, मला नाही जमत हो. माझ्या डोळ्यांदेखत मरेल ती. तुमच्याकडे भात तरी खात होती." पलीकडचे ऐकून ती म्हणाली, "हो. उद्या सकाळी आणते."

बाबा खुर्चीत ताठ झाले. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडे-तिकडे हलले. दुसरा कुठला तरी शब्द आत धडका देत होता. पण बाहेर आला तो तोच. "उद्या! उद्या! उद्या!"

"हो बाबा," बाईने डोळे पुसले. "उद्याच नेते. मलाही वाईट वाटतंय."

माणसाचा एकुलता एक शब्द त्याच्यावरच उलटलेला मी त्या दिवशी पाहिला.

सकाळी बाईने माझ्या गळ्यात पट्टा घातला आणि मला निरोपासाठी बाबांपुढे नेले. बाबा वाकले. त्यांनी डाव्या हाताने माझा ओठ वर केला आणि बोट सरळ आत घातले, मागपर्यंत, त्या दाढेपर्यंत.

मित्रांनो, मी चावले. मला चावायचे नव्हते. कळ उठली आणि जबडा मिटला. बाबांच्या बोटातून रक्त आले. बाई किंचाळली. तिने मला पट्ट्याने मागे ओढले, आणि मला वखारीचा खुंटा आठवला. साऱ्या जगात माझे दुखणे ज्याला कळले होते, त्यालाच मी चावले होते.

पण बाबांनी हात मागे घेतला नाही. ते रक्ताळलेले बोट त्यांनी लेकीच्या नाकापुढे धरले. ती मागे सरली, तसे त्यांनी ते आणखी पुढे नेले.

तिने श्वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. बोटाला रक्ताचा नाही, सडल्याचा वास होता. पिवळा पू होता.

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बघू," ती म्हणाली, "बघू दे गं मला." मी तोंड उघडू दिले. तिने बराच वेळ पाहिले. मग बाबांकडे वळली. "तुम्ही हिचा दात सांगत होता? इतके दिवस?"

बाबा खुर्चीत मागे टेकले होते, बोटातले रक्त तसेच जमिनीवर ठिबकत होते.

बाबांच्या बोटाला तीन टाके पडले. माझ्या दोन दाढा काढल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी दाण्यांत कोमट पाणी घालून ते अर्धा तास भिजवायला सांगितले. एवढे सोपे होते. पहिल्या दिवशी वाडगा पुढे आला तेव्हा मी थरथरले, पण आवाज झाला नाही. मी जिभेने एक दाणा दाबला. तो लोण्यासारखा मऊ होता. बाई भिंतीला टेकून बघत होती, तोंडावर हात ठेवून. मी वाडगा रिकामा केला. महिनाभराने हिरड्या भरल्या, आणि आता मी डाव्या बाजूने चार-दोन कोरडे दाणेही खाते. सावकाश.

सगळे काही बरे झाले असे मात्र समजू नका. बाबांचे ते बोट वाकत नाही. त्यांच्याकडे कामाला येणारा तो एकच हात होता. शब्दही एकच आहे, दुसरा आलेला नाही. हल्ली ते कमी जेवतात, आणि का ते कोणाला समजत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मुके असेल, चार पायांचे किंवा दोन पायांचे, आणि त्याने घास नाकारला, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी एकदा जवळ बसा. फार काही लागत नाही. उजेड आणि थोडा वेळ लागतो.

आमच्या घरी आता दर रविवारी बाई जमिनीवर बसते आणि माझ्या कानापासून शेपटीपर्यंत हात फिरवते. मग बाबांच्या खांद्यावरून, पाठीवरून, पोटावरून. "इथे दुखतं? इथे?" विचारत जाते. आम्ही दोघेही सांगू शकत नाही, हे तिला माहीत आहे. परवा तिचा हात माझ्या मागच्या पायावरून गेला. तिथे अलीकडे ठणकते. मला काहीच करता आले नाही. ओरडण्याइतके ते दुखत नव्हते. हात पुढे सरकला, शेपटीपर्यंत गेला. मग थांबला, आणि मागे आला.