ही बाजू वर

मी पायरी बोलते आहे. आवाज खालून येतो म्हणून गोंधळू नका. माझी जागाच खाली आहे. महाविद्यालयाच्या सात नंबरच्या खोलीत, पोडियमच्या मागे मी असते. दीड वीत उंच, दोन हात लांब. ज्यांची हनुवटी पोडियमच्या वर पोहोचत नाही, ते माझ्यावर उभे राहून भाषण करतात.

जन्माने मात्र मी पायरी नव्हे, खोके. प्रयोगशाळेसाठी मागवलेले एक सूक्ष्मदर्शक यंत्र भुशात गुंडाळून माझ्यातून आले. यंत्राला काचेचे कपाट मिळाले, मला जिन्याखालची जागा. माझ्या कुशीवर काळ्या रंगात एक बाण आहे आणि बाणाखाली ठसठशीत अक्षरे आहेत: ‘ही बाजू वर’. पुढे सुताराने मला पालथे घातले, आतून दोन पट्ट्या ठोकल्या आणि माझा तळ माझा माथा झाला. तेव्हापासून बाण जमिनीकडे बोट दाखवतो. माझे सारे आयुष्य उलटे गेले आहे, आणि तेही लेखी पुराव्यासह.

पालथे घालण्याचा हुकूम मॅडमचा. त्या पहिल्या वर्षाला ‘भाषणकलेची तोंडओळख’ हा विषय शिकवतात. विषय सक्तीचा असल्यामुळे आवड असलेले आणि नसलेले सारखेच घाबरतात. एकदा पोडियममागून एक भाषण सुरू झाले, संपले, आणि वक्ता कुणालाच दिसला नाही. शेवटच्या बाकावरून मॅडम म्हणाल्या, “भाषण पोचलं. माणूस मागून पाठवणार आहात का?” दुसऱ्याच दिवशी शिपाईकाका मला उचलून इकडे घेऊन आले.

माझ्या जागेवरून मला फक्त पाय दिसतात. पोडियमखाली चार बोटांची फट आहे, तिच्यातून समोरच्या बाकांखालचे बूट आणि चपला दिसतात. चेहरे मी आवाजावरून जुळवते. तक्रार नाही. तोंडाने माणूस काहीही सांगू शकतो, पण मला आजवर एकही खोटे बोलणारा अंगठा भेटलेला नाही. “मला अजिबात भीती वाटत नाही” असे म्हणून सुरुवात करणाऱ्यांचे अंगठे माझ्या फळीत रुतलेले असतात.

मॅडमचे नियम थोडे, पण वज्रलेप. कागद वाचायचा नाही. हातात पाच टिपणकार्डे चालतील. वाक्यात निष्कारण ‘म्हणजे’ आले की मॅडम पेन्सिल बाकावर टक्‌ करून वाजवणार. शेवटचे भाषण चार ते सहा मिनिटांचे. चारच्या आत संपले तर नापास, सहाच्या पुढे गेले तरी नापास. चार मिनिटांना घंटी एकदा वाजते, सहाला दोनदा. घड्याळ मॅडमच्याच हातात, आणि त्यावर अपील नाही.

गेल्या वर्षी माझ्यावर सर्वांत जास्त वेळ जी उभी राहिली, तिला वर्ग टाचणी म्हणत असे. अंगाने तेवढीच आणि डोक्यावर केसांचा तेवढाच गोल अंबाडा, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फारसे डोके लावावे लागले नसेल. नाव ठेवणारा भोंगा. त्याचा आवाज असा की ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे लाजून बंद पडावा. पण मनाने मऊ. टाचणीचा पहिल्या बाकावरचा शेजारी आणि तिचा एकमेव हक्काचा श्रोता.

टाचणीच्या वडिलांचे चष्म्यांचे दुकान आहे. सकाळी ती दुकानात चष्मे दुरुस्त करी आणि दुपारी आमच्याकडे नापास होई. स्वतःची ओळख करून देण्याचे पहिले भाषण तिने एकोणचाळीस सेकंदांत आटोपले. त्यात दोनदा नाव सांगितले. दुसऱ्या भाषणासाठी तिने ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावरचा निबंध कुठूनसा तोंडपाठ केला. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द निसटला. ती पहिल्या ओळीवर गेली, पुन्हा तिथेच अडखळली, पुन्हा पहिल्या ओळीवर. चौथ्या खेपेला वर्ग तिच्याबरोबर म्हणू लागला. मॅडमनी घड्याळ थांबवले आणि एवढेच म्हणाल्या, “हे तू कुणाला सांगत होतीस?” माझ्या फळीवर तिच्या टाचा थडथडत होत्या.

उरले तिसरे भाषण: श्रोत्यांना एखादी गोष्ट पटवून देण्याचे. ते बुडाले की विषय बुडाला, आणि विषय बुडाला की दुसरे वर्ष बंद. तिला डोळे तपासण्याचे शिक्षण घ्यायचे होते. वडील एका वर्षापुरते कबूल झाले होते; पास झाली तर पुढे, नाहीतर दुकान. हे मी मधल्या सुटीत ऐकले. ती रिकाम्या खोलीत माझ्यावर उभी राहून सराव करी आणि भोंगा समोर डबा खात बसे.

“बाबा म्हणतात, हात चालतो तेवढं पुरे. तोंड कशाला चालवायचंय.”

“मग हातानेच बोल की,” भोंगा घास चावत म्हणाला.

“गप रे.”

विषय तिने दुकानातूनच उचलला होता: वाकलेली वस्तू टाकू नका, सरळ करून घ्या. पाच कार्डे लिहिली, त्यांवर क्रमांक घातले. भोंग्यापुढे ती छान बोले. पण भोंगा म्हणजे वर्ग नव्हे आणि मॅडम तर नव्हेच. श्रोत्यांपैकी एकाच्या डोळ्यांत बघून बोलायचे, असे मॅडमनी शिकवले होते. टाचणीची अडचण अशी की तिची नजर मॅडमकडे गेली की चष्म्यावरच अडके. सत्राच्या सुरुवातीला मॅडम स्वतःच्या चष्म्यावर बसल्या होत्या. तेव्हापासून त्याची डावी बाजू भुवईवर चढलेली होती, आणि मॅडम चार महिने जगाकडे किंचित तिरके बघत होत्या. सगळ्यांना दिसत होते; सांगणार कोण? “डोळ्यात बघूच शकत नाही रे,” टाचणी भोंग्याला म्हणाली, “हात शिवशिवतात.”

परीक्षेचा दिवस उजाडला. टाचणीचा नंबर सातवा. ती माझ्यावर चढली तेव्हा तिचे दोन्ही बूट असे थरथरत होते की माझ्या आतल्या पट्ट्यांचे खिळे वाजू लागले. मॅडमनी घड्याळ सुरू केले.

“आज मी तुम्हाला, म्हणजे, वाकलेल्या वस्तूंबद्दल, म्हणजे...”

टक्‌. टक्‌.

पहिले कार्ड संपले. दुसरे उलटताना पाचही कार्डे हातातून सुटून माझ्या अंगावरून जमिनीवर पडली. ती वाकली नाही. मला वाटले, संपले; आता दार उघडेल, हे बूट बाहेर पळतील आणि उद्यापासून दुकानात दिसतील. मनात मी तिला हजार वेळा ढकलले असेल, पण ढकलणे पायरीच्या हाती नसते.

मग तिने पाय उचलला. आधी डावा, मग उजवा. ती माझ्यावरून उतरली. पण बूट दाराकडे वळलेच नाहीत. ते बाकांच्या मधल्या वाटेने सरळ मागे चालत गेले आणि मॅडमच्या चपलांसमोर थांबले.

“मॅडम, तुमचा चष्मा द्याल?”

“भाषण चालू आहे,” मॅडम म्हणाल्या.

“हो. त्याचाच भाग आहे.”

मग चष्म्याच्या काड्या मिटल्याचा बारीकसा आवाज आला. बूट परत येऊ लागले, आता भरभर. तिला सपाट जागा हवी होती. पोडियम उतरता, बाकांवर पिढ्यान्‌पिढ्यांनी कोरलेली नावे. सपाट अशी त्या खोलीत मी एकटीच. तिने मला दोन्ही हातांनी धरले आणि खर्रकन ओढत पोडियमच्या मागून बाहेर, वर्गाच्या पुढ्यात आणले.

मी पहिल्यांदा चेहरे पाहिले. इतकी वर्षे ज्यांचे बूट मला पाठ होते, त्यांना डोळेही असतात, आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते.

टाचणी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. “चष्मा वाकलाय की नाही, ते घालून कळत नाही,” ती म्हणाली. “सपाट जागेवर उलटा ठेवायचा. असा.” तिने तो माझ्या माथ्यावर पालथा ठेवला आणि बोटाने दाबला. एक कोपरा खडखडला. “हलतोय. म्हणजे इथं खोट आहे.” पेन्सिल वाजली नाही. मागच्या बाकांवरून दिसेना म्हणून मुले उठली, पुढे आली, माझ्याभोवती कोंडाळे झाले. जिला दिसण्यासाठी माझी उंची लागत होती, तिला बघण्यासाठी आता सगळा वर्ग वाकला होता.

तिने रुमालात फ्रेम धरली, खिशातून नखाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढून सैल मळसूत्र घट्ट केले. “डावी बाजू वर चढलीय. कुठं वाकवू?”

“डावी काडी खाली घे,” भोंगा म्हणाला. साऱ्यांनी माना डोलावल्या.

“सगळे घरी तेच करतात आणि मोडून आमच्याकडे आणतात. काडी वरच घ्यायची. कानावर काडी वर गेली की भिंग खाली येतं.” तिने अंगठ्याने हलकेच दाबले. तिचा अंगठा मी जवळून पाहिला. तो जराही कापत नव्हता.

मग ती थांबलीच नाही. रोज दुकानात येऊन ‘जाऊ दे, नवाच द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल बोलली. ज्या वस्तूला फक्त एका मळसूत्राची गरज असते, ती आपण कशी कचऱ्यात टाकतो, ते बोलली. आपल्याला दुरुस्तीचा कंटाळा नसतो, खोट शोधण्याचा असतो, असे म्हणाली. आणि हे वाक्य कुठल्याही कार्डावर नव्हते, कारण पाचही कार्डे मागे जमिनीवर पडलेली मला दिसत होती. मुले हसत होती, विचारत होती, ती उत्तरे देत होती. तिचे गाल लाल झाले होते. माझ्या फळ्यांतून कधी गेला नव्हता असा थरार गेला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आले की चार मिनिटांची घंटी वाजलीच नाही. मॅडमच्या हातात घड्याळ होते, पण त्यांचा चष्मा माझ्या माथ्यावर होता. आजवर कुणाला एका सेकंदाची सूट न दिलेल्या बाईंनी आपले डोळेच वक्त्याच्या हवाली केले होते. भोंग्याच्याही ध्यानात आले. तो आपल्या मनगटाकडे बघून तोंड उघडणार, तोच शेजारणीने त्याला कोपराने ढोसले. भाषणात मध्ये बोलणाऱ्याचे गुण जातात.

टाचणी उठली. “म्हणून टाकायच्या आधी एकदा सपाट जागेवर उलटं ठेवून बघा,” ती म्हणाली. कोंडाळ्यातून वाट काढत मागे गेली आणि चष्मा मॅडमच्या नाकावर स्वतःच्या हाताने बसवला. “धन्यवाद.”

मॅडमनी कळ दाबली. घड्याळ डोळ्यांसमोर धरले.

“पाच मिनिटं बावन्न सेकंद,” मॅडम म्हणाल्या. “कार्डं पाडलीस. दोनदा पाठ फिरवलीस. समारोप घाईचा.” त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खाली घातली. चष्मा जागचा हलला नाही. “पण पटलं. पास.”

भोंगा जे ओरडला ते शेजारच्या खोलीतल्या गणिताच्या वर्गानेही ऐकले आणि तिकडूनही टाळ्या आल्या.

त्या दिवशी ती पुन्हा माझ्यावर चढली नाही. माझ्यावर उभे राहून झालेली पुष्कळ भाषणे मी विसरले आहे. उतरून झालेले हे एकच, अक्षरशः पाठ आहे. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचे बूट खोलीत आले, माझ्यापाशी थांबले आणि तिने वाकून माझा एक वर आलेला खिळा आत ठोकला. वडील सोबत होते. त्यांनी माझ्या कुशीवरची अक्षरे वाचली आणि हे उलटे ठेवले आहे, असे लेकीला म्हणाले. ती म्हणाली, “असू दे बाबा. असंच कामाला येतं.”

उद्यापासून नवे सत्र. नवे बूट येतील, नवे अंगठे रुततील. शिपाईकाकांनी मला पुसून पुन्हा पोडियमच्या मागे ठेवले आहे. तुमची हनुवटी पोचत नसेल तर खुशाल माझ्यावर चढा; माझी फळी कितीही थरथर सोसेल. फक्त समोर कुणाचे काही तिरके दिसले आणि हात शिवशिवले, तर माझा मुलाहिजा ठेवू नका. उतरा आणि जा त्यांच्याकडे. जाताना मलाही पुढे ओढलेत, तर तुमचे चेहरे बघायला मिळतील.