तेवीस नावं आणि एक फरशी

भाषण कसं करायचं ते मला पितांबर गुरुजींनी शिकवलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. धंदा काय, तर पावसाळ्यात गिरणेच्या पाण्यातून लोकं पलीकडे न्यायची. ट्रकच्या चार ट्यूबा, वर बांधलेली बाज, अन् दोन्ही काठांना ताणलेला दोर. रस्ता पलीकडे, दवाखाना पलीकडे.

त्या साली बांधकाम सभापती पलीकडच्या गावात शाळेची खोली उघडायला येणार होते. आमचे सरपंच तोताराम नाना. त्यांनी खटपट करून आपल्या गावाला पाच मिनिटं मिळवली. नदीवर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, मागायची. बोलणार कोण, तर भिकन. म्हणजे मी. कारण गेल्या श्रावणात मगनची पुष्पाबाई माझ्याच बाजेवर, धारेच्या मधोमध बाळंत झाली. पाणी चढत होतं. दोर ओढून ओढून हाताची सालटं निघाली, पण बाज काही काठाला लागेना. पोर रडलंच नाही.

गुरुजी म्हणाले, "भिकन, दुसरं काही बोलू नको. पहिल्या वाक्यात हेच सांग. मग फरशी माग, अन् खाली बस."

सात ओळी लिहून दिल्या. सहा दिवस नदीलाच म्हणून दाखवल्या. पाठ झाल्या.

सातव्या दिवशी नाना आले. "आन नावं कोठे शेतस? स्टेजवरला बठ्ठासना नावं पहिले लेवाना पडतीन!"

"नाना, पाच मिनिटं आहेत हो."

"सोसायटीना चेअरमननं नाव सुटनं तर गावनं खत बंद. समजनं का?"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर माणूस मांडवाच्या दारातून उलटा फिरतो, अन् वरून दहा वर्षं ऐकवतो. संध्याकाळपर्यंत तेवीस नावं झाली. बायको केसरबाई भाकर थापता थापता म्हणाली, "नावं लिसन नदी उतरी जाई का?" मी तिच्यावरच खेकसलो. दुसऱ्या कोणावर खेकसणार?

सभेला पुष्पाबाई आली होती. बायांमध्ये पुढंच बसली, पदर घट्ट धरून.

मी माईक धरला अन् सुरू केलं. सन्माननीय अमुक, आदरणीय तमुक. दर नावाला टाळ्या. ज्याचं नाव तो उठून हात जोडणार, बसणार, मग मी पुढं. बारावं झालं तोच डेअरीवाले चुडामण आबा उशिरा आले. खुर्ची आली, हार आला, चिठ्ठी आली. मग अजून एक चिठ्ठी. खालून नाना खुणा करताहेत, माझं पुन्हा घे, टाळ्या कमी पडल्या. घेतलं. काय करणार!

शेवटचं नाव घेतलं, घसा खाकरला, म्हणालो, "तर साहेब, गेल्या श्रावणात..."

टण्. घंटी.

आभारवाल्यानं माईक हातातून काढूनच घेतला. तोही नावांनीच सुरू झाला. मी पुष्पाबाईकडे पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही.

जीपपर्यंत पळत गेलो. सभापतींनी खांद्यावर हात ठेवला. "छान बोललात. एक नाव चुकलं नाही. काम काय होतं? अर्ज पाठवा."

चिखल उडाला, जीप गेली.

परत येताना बाजेवर नाना, गुरुजी अन् पुष्पाबाई. मी पाण्यात, दोराला धरून. नाना खुशीत. "चेअरमन भलता खुश व्हयना!"

मधोमध आलो अन् मी थांबलो.

"काय व्हयनं रे?"

"काही नाही नाना. भाषण राहिलंय."

अन् म्हटलं. सातही ओळी. बाज इथंच होती, पाणी इतकं होतं, पोर रडलं नाही. आम्हाला फरशी द्या. पायाला धार लागत होती, पण एक शब्द चुकला नाही. गुरुजींनी चष्मा काढून धोतरानं पुसला. पुष्पाबाईनं हात पाण्यात सोडला होता.

नाना बाजेवरून पुढं वाकले. मग म्हणाले, "हाई तठे काबरं नही बोलना रे?"

मी तोंड उघडायच्या आत पुष्पाबाई बोलली. पाण्याकडे बघतच. "टाईम नव्हता, नाना. तुम्हनं नाव दोनदा लिधं ना त्यानी."

मी दोर ओढायला लागलो.