उंदरांना मिळाला तो उशीर

'शक्यता' हा शब्द आमच्या मंठ्यात कुणालाच वाचता येत न्हाई, असं माझं पंचावन्न सालापासून ठाम मत झालंय. त्या एका शब्दापायी मी जिवाला वैतागून गेल्तो.

मी हैदराबादला एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायचो. शहागडला गोदावरीच्या काठी एक काटेरी झुडूप उगवतं, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत न्हाईत. त्याच्या मुळीतून काढलेलं द्रव्य टोचलं, तर उंदरांच्या फुप्फुसातला कॅन्सर पसरायला जरा उशीर लागायचा. बस, इतकंच. उंदीर मरायचेच, फक्त उशिरा मरायचे. आणि द्रव्य थोडं जास्त झालं तर मूत्रपिंड निकामी होऊन उलट लवकर मरायचे. पण एका वर्तमानपत्रानं कोपऱ्यात चार ओळी छापल्या, की या मुळीनं कॅन्सरला आळा बसण्याची शक्यता आहे, आणि खाली माझं नाव. झालं. गावानं शक्यता गिळली आणि आपल्या नरहरनं कॅन्सरचं औषध काढलं म्हणून पेढे वाटले.

त्याच महिन्यात औरंगाबादला माझ्या थोरल्या भावाच्या, दीनानाथदादाच्या, छातीचा फोटो काढला. दादा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, आणि एक बिडी विझायच्या आत दुसरी पेटवायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गाठ दोन्ही फुप्फुसांत पसरली, आता कापायची सोय न्हाई म्हणाले. मी रजा टाकून मंठ्याला आलो.

मोटारीतून उतरलो तर लोक माझी पाठ थोपटून राह्यले. दादाचं नशीब बघा म्हणे, औषधवाला घरचाच निघाला. मी समजावून सांगायला गेलो की हसायचे. मोठा माणूस झाला तरी नरहरला गर्व न्हाई, असं वर मलाच ऐकवायचे. आता अशा लोकांपुढं डोकं आपटायचं तरी कुठं?

घरी आलो तर ओसरीवर पोतं. हुकमचंदशेठनं, आमच्या समोरच्या आडत दुकानदारानं, शहागडहून येणाऱ्या ट्रकात घालून तेच झुडूप पोतंभर मागवलं होतं. मनानं भला माणूस, पण भलेपणानंच मारतात हे लोक. आणि चुलीवर प्रेमलावहिनी त्याचा पाला उकळून राह्यली होती. आधीच दोन दिवस तो काढा पाजल्यानं दादाला जुलाब लागले होते. पोटातली घाण निघून राह्यली, म्हणजे गुण येऊन राह्यला, असं शेजारच्या गोजरबाईनं वहिनीला पटवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. पातेलं उचललं आणि सगळं मोरीत ओतलं. पाल्यात विषारी चीक असतो, म्हटलं, जे आहे ते मुळीत, आणि तेही स्पिरिटात भिजवून, गाळून, महिना महिना खपून चिमूटभर हाती लागतं. स्वयंपाकघरात व्हायचं काम न्हाई हे. बरंच काही बोललो. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "भाऊजी, उंदरांना दिलं. घरच्या माणसाला न्हाई?"



दादानं खाटेवरून सगळं ऐकलं होतं. वहिनी पाण्याला गेली तसं त्यानं मला जवळ बसवलं. बोलताना धाप लागायची, म्हणून थांबत थांबत बोलला.

"बरं होत न्हाई ना त्यानं?"

"न्हाई."

"उशीर होतो."

"उंदरांना. थोडा."

"मंग मी कुठं बरं कर म्हणून राह्यलो? मला मार्चपर्यंत मुदत वाढवून दे."

मार्चमध्ये दादाच्या पोरीची, विमलची, मॅट्रिकची परीक्षा. आमच्या घराण्यात मॅट्रिकला बसणारी ती पहिली पोरगी, आणि दादा होता म्हणूनच कुणी तिच्या लग्नाचं नाव काढत नव्हतं. दादा म्हणाला, मी गेलो की सुतक फिटायच्या आत आपले काका स्थळं घेऊन येतील. मी म्हटलं, मी आहे ना. तर हसला. तू एका पातेल्यावर चिडतोस, काकांपुढं काय टिकशील, म्हणाला. खरंच होतं ते. गावभर एकालाही उशीर आणि बरं होणं यातला फरक कळेना म्हणून मी बोंबलत फिरून राह्यलो होतो. आणि ज्याला तो बिलकुल बराबर कळला, त्यालाच नेमकं न्हाई म्हणायचं होतं. असला संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तरी हैदराबादला गेलो. प्रयोगशाळेच्या साहेबांपुढं हात जोडले. त्यांनी आवाज चढवला न्हाई. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तू काय सांगितलं असतंस, एवढंच विचारलं. उंदरांच्या मूत्रपिंडाचं टिपण माझंच होतं. माणसाला किती द्यावं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि अंदाजानं देणं म्हणजे दादाला मार्चच्या आधीच संपवणं. साहेब चुकले असते तर मी भांडलो तरी असतो. भांडायलाही जागा राह्यली न्हाई.

रिकाम्या हातानं परत आलो आणि दादाला सांगितलं. त्यानं डोळे मिटले. मंग वहिनीला हाक मारून म्हणाला, "काढा टाक चुलीवर. तो न्हाई देत तर न्हाई, तू दे."

वहिनी दारात उभी राहून माझ्याकडं बघून राह्यली. विमल आतल्या खोलीत भूगोल घोकत होती, नद्यांची नावं बाहेर ऐकू येत होती. मला पुन्हा ओरडायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.

त्याऐवजी उठलो, पोतं ओढलं आणि पाला तोडून उकिरड्यावर टाकला. मुळ्या तेवढ्या घेऊन चुलीपाशी बसलो, विळीवर साली काढल्या, धुतल्या, तुकडे केले. वहिनीनं पातेलं पुढं सरकवलं. ते द्रव्य पाण्यात बिलकुल उतरत न्हाई. नुसतं मातकट पाणी होतं, ना अपाय ना उपाय. हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं.

पाण्याला रंग आला तसं वहिनीनं विचारलं, झालं का?

"न्हाई," मी म्हटलं, "अजून थोडं आटू द्या."