एक थेंब, दोन बरण्या

"बुडाला! बुडाला!"

हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. टेबलावर निळ्या पाण्याच्या दोन उंच बरण्या आणि मागे साक्षात काढा विकणारे निळे गुरुजी!

"पहिल्या बरणीत रक्त तरंगलं, म्हणजे शिरा तुंबलेल्या!" गुरुजी गरजले. "आमचा काढा घेतला, की दुसऱ्या बरणीत थेंब तळाशी! बघा, पाण्याचा रंगसुद्धा फिका. विष उतरलं! पोटाचा उकिरडा करणाऱ्या त्या गोळ्या फेका!"

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रांगेत पुढे माझा दादा होता, दूध डेअरीवाला. पंधरवड्यापूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यापुढे अंधाराचा पडदा पडला आणि थोड्या वेळाने उठला. तपासणीत मानेच्या धमनीत चरबीचा थर सापडला, तोही मऊ, कधीही फुटेल असा. रक्तात वाईट कोलेस्टेरॉल आणि सूज दाखवणारं प्रथिन वाढलेलं. वर बीपी, त्यावर सिगारेट. थर फुटून गुठळी मेंदूत गेली, की खेळ खल्लास. मी स्वतः रक्त तपासणारी डॉक्टर, दिलेल्या गोळ्या चुकवू नकोस म्हणून कानीकपाळी ओरडले. आणि या शहाण्याने काढा सुरू करून गोळ्या बंद केल्या!

मागच्या खेपेला पहिल्या बरणीत तरंगलेला दादाचा थेंब आज दुसरीत सुर्रकन बुडाला. दादाचे डोळे भरून आले.

"गुरुजी, मी याची बहीण, माझाही थेंब घ्या," मी पुढे झाले. "मी काढा चाखलेलाही नाही." कुणी अडवायच्या आत सुई टोचून दुसऱ्या बरणीत बोट पिळलं. माझाही थेंब बुडाला.

"भावाची पुण्याई!" गुरुजी हसले. हॉलही हसला.

मी पर्समधून मुद्दाम आणलेलं दादाचं दुधाचं माप काढलं. दुधात पाणी असलं की खोल बुडणारी ती काचेची नळी रोज सकाळी त्याच्या हातात असते. "दादा, तूच टाक."

"खबरदार! मंत्रित जल आहे! माप लावायचं नाही!"

इथेच गुरुजी चुकले. दादाचा चेहरा बदलला. "डेअरीत जो माप टाकू देत नाही ना, गुरुजी, तोच पाणी घालतो."

पहिल्या बरणीत माप मान वर काढून उभं राहिलं. दुसरीत थेट तळ गाठला.

"च्यायला! हिच्यात पाणी घातलंय!" दादा म्हणाला.

"हे मोरचुदाचं निळं पाणी आहे," मी ओरडले. "एकीत दाट, दुसरीत पातळ. दाट पाण्यात रक्त तरंगतं, पातळात बुडतं. कुणाचंही! गुरुजींचंही!"

गुरुजींनी मागचं दार गाठलं. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, कारण दादाने उजव्या डोळ्यावर हात ठेवला होता.

"छोटे... पडदा पडला गं."

रिक्षात त्याचा डावा हात माझ्या हातात होता. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो लुळा पडला.

ऑपरेशन झालं, थर निघाला, दादा वाचला. डाव्या हाताला मात्र अजून कप धरवत नाही. मला राग येतो, गुरुजींचा आणि दादाचाही.

खऱ्या तपासण्यासुद्धा धोका किती एवढंच सांगतात. रक्तावरून अंदाज बांधायचा, मान तपासून घ्यायची, गोळ्या घ्यायच्या, सिगारेट सोडायची. एका थेंबात खात्री देणारा कुणी भेटला, तर आधी त्याच्या बरणीत माप टाका. टाकू देत नसेल, तर घरी चला.