ओसरीतली गोधडी

आज महिला दिनाला टेंभुर्णीत माझ्या नवऱ्याला शाल अन् नारळ देऊन सत्कार केला. "आमच्या घरात पाळीची शिवाशिव आजपासून बंद," असं त्यानं माईकवर सांगितलं, अन् साऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. न वाजवून सांगते कोणाला?

पाळीच्या दिवसांत मी ओसरीत सासूपाशी निजायचे. तेवढ्या राती मुडदा अंगाला हात लावीत नव्हता. बाकीच्या राती 'न्हाई' म्हणलं की तोंड दाबायचा. जालन्यात वकीलबाईला विचारलं, तर ती म्हणली, "छळाची केस करता येईल. पण लग्नाच्या नवऱ्यानं केलं, तर कायदा त्याला बलात्कार म्हणत न्हाई."

मंग पाळी सरली तरी मी ओसरीतच निजू लागले. देवाधर्माची कडक सासू फाडून खाईल, असं वाटायचं. पण आधी कळलं त्यालाच. तो नुसता हसला. अन् मंग हा सत्कार.

आज सकाळीच मी बाजूला बसले होते. घरी येताच त्यानं शाल खुंटीला अडकवली, ओसरीतली माझी गोधडी उचलली अन् आतल्या खोलीत चालला. सासू दारात आडवी आली.

"देवाला चालत न्हाई रे!"

"जमाना बदलला, माय," म्हणत तो तिला बाजूला सारून आत गेला.

माझं डोस्कं फिरलं. "आत्याबाई, तुम्हाला आत्ता बी देवाचंच पडलंय?"

"देवासाठी कोण पाळीत होतं, बाई?" ती हळूच म्हणली. "तुझा सासरा बी असाच होता."

आतून त्याची हाक आली, अन् आम्ही दोघी बी दचकलो.