राहून गेलेली गाठ

मी गोंडा बोलतोय. खेळाडूंना जोर यावा म्हणून मैदानाच्या कडेला मुली नाचतात ना, त्यांच्या हातातला झुपकेदार गोंडा. एरवी माझं काम नुसतं सळसळायचं. आज मात्र मला एक कबुली द्यायची आहे, आणि तिला आधीच फार उशीर झाला आहे.

माझा जन्म गडचांदूरचा, सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून. गफ्फारभाऊ जुन्या गोण्यांचा धंदा करतात आणि त्यांच्या बायको नसीमबाई घरी बसून फाटक्या गोण्या शिवतात. त्यांची मुलगी आफ्रीन अकरावीत. तिच्या कॉलेजात मुलींच्या कबड्डी संघासाठी चिअरलीडर मुलींचं पथक निघालं, तेव्हा नसीमबाईंनी गोण्या उसवून पांढऱ्या पट्ट्या काढल्या, धुतल्या आणि बारा मुलींसाठी चोवीस गोंडे केले. माझ्या अंगावर अजून निळ्या छापील अक्षरांचे तुकडे आहेत.

आमची मूठ त्यांनी गोणीचं तोंड शिवायच्या मशीनवर शिवली. त्या टाक्याची खोड आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शेवटी गाठ नसली आणि ते टोक ओढलं गेलं, की अख्खी शिवण भर्रकन निघून येते. तेवीस गोंड्यांना नसीमबाईंनी गाठ मारली. मी चोविसावा. तेवढ्यात दारात गोण्यांची गाडी लागली, त्या "आली, आली" म्हणत उठल्या आणि मी तसाच पिशवीत गेलो.

मला ते कळलं होतं. खोटं कशाला बोलू? ते मोकळं टोक वाऱ्यावर भुरभुरायचं आणि मला त्याचा भारी तोरा वाटायचा. बोलता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

मी नंदिनीच्या वाट्याला आलो. खाणीत डंपर चालवणाऱ्या प्रफुलभाऊंची ती मुलगी, आफ्रीनची जिवलग मैत्रीण. लोकांना वाटतं, नाचायचं आणि हसायचं, त्यात काय एवढं? एकदा करून बघा म्हणावं. पाठ मैदानाकडे, त्यामुळे अर्धा सामना नुसता कानांनी बघायचा. आपला संघ मार खात असला तरी तोंड पाडायचं नाही. गुडघा फुटला तरी हसायचं. नंदिनीचा घसा असा बसायचा की घरी ती भाजीसुद्धा खुणेनं मागायची.

पण मिळायचंही. एकदा आमचा संघ अकरा गुणांनी मागे होता. मुली जिवाच्या आकांतानं ओरडल्या. सामना हरलो, पण दोनच गुणांनी. कप्तान सीता धुळीनं माखलेली तशीच आली आणि मला हिसकावून स्वतःच्या डोक्यावर ठेवत म्हणाली, "तुम्ही ओरडून राह्यल्या होत्या म्हणून पाय चालले वं माये!" त्या एका वाक्यावर मुली घरापर्यंत गाडीत नाचत आल्या.

मग राजुऱ्याचा अंतिम सामना आला. मध्यंतरात मुलींचा मनोरा होता. खालच्या मुली गोंडे कमरेला खोचायच्या आणि वर चढणारीचे पाय धरायच्या. वर आफ्रीन, खाली नंदिनी. आफ्रीन चढली आणि माझं ते लाडकं टोक तिच्या बुटाच्या बक्कलात अडकलं. ती वर गेली, तशी माझी शिवण भर्रकन उसवली. पट्ट्या सुटायला लागल्या. नंदिनीनं मला सावरायला एक हात सोडला. मला सावरायला! आफ्रीन खाली आली ती मनगटावर.

हाड मोडल्याचा आवाज मी जवळून ऐकला.

दवाखान्यात नसीमबाई नंदिनीला म्हणाल्या, "तुह्या भरोशावर चढली होती माही पोरगी. असा कसा हात सोडला तू?"

नंदिनी खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माह्यं, चाची." शिवणीबद्दल एक अक्षर नाही. पथकातून तिचं नाव कटलं. मैदानावरची माझी पट्टी न् पट्टी तिनं वेचली होती. मला पिशवीत घालून तिनं कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं. सात महिने मी तिथं होतो. गुन्हा माझा, आणि शिक्षा भोगत होती ती.

आफ्रीनचं मनगट जुळलं. नव्या हंगामाआधी नसीमबाई गोंड्यांची डागडुजी करायला बसल्या, तर तेवीसच भरले. त्या नंदिनीच्या घरी आल्या.

"हरवला, चाची," नंदिनी म्हणाली.

"हरवला कायचा?" तिची आई गुलाबबाई आतून म्हणाली. "पेटीत ठेवला हाये ना तू!" आणि तिनं पिशवी आणून समोर ठेवली.

नसीमबाईंच्या बोटांत माझा दोरा आला. लांबच लांब, अखंड, टाक्यांचे वळसे तसेच. वीस वर्षं गोण्या शिवलेला हात तो. त्यांनी दोऱ्याचं टोक दोनदा चाचपलं.

"हा तुटला नाई," त्या हळूच म्हणाल्या. "उसवला. गाठच नोती माही." मग नंदिनीकडे बघून विचारलं, "काऊन नाई सांगितलं तू मले?"

"तुमच्या हातचं होतं, चाची. तुम्ही मंग मशीनवर बसल्याच नसत्या."

नसीमबाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, तिथंच उंबऱ्यावर बसून मला हातानं शिवलं आणि गाठ मारली. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. मग कॉलेजात जाऊन सगळ्यांसमोर सांगून आल्या की चूक नंदिनीची नाही, आपली होती.

नाही हो, माझी होती. पण माझं कोण ऐकतं? म्हणून तुम्हाला सांगितलं. कधी मैदानावर आलात तर टाळ्या नंदिनी आणि नसीमबाई, या दोघींसाठी वाजवा, माझ्यासाठी नको.

नंदिनीला पथकात परत घेतलं. परवा घुग्घुसला सामना होता. नंदिनी खाली, आफ्रीन वर. मनोरा उभा राहिला आणि सगळं मैदान मान वर करून आफ्रीनकडे बघायला लागलं. पहिल्या रांगेत नसीमबाई बसल्या होत्या. त्या मात्र वर बघत नव्हत्या. नंदिनीच्या कमरेला खोचलेल्या माझ्याकडे, माझ्या गाठीकडे बघत होत्या. वारा सुटला होता, तरी मी हललो नाही.