घाटात उघडलेली एअरबॅग

मित्रांनो, हर्सूलच्या एका गॅरेजमागे पुढून चेपलेली पांढरी गाडी उभी आहे. तिच्या स्टिअरिंगमधून लोंबणारी, धुळीनं मळलेली कापडी पिशवी म्हणजे मी. मी एक वापरून झालेली एअरबॅग आहे.

कारखान्यात माझी घडी घालून मला हॉर्नच्या झाकणाखाली बंद केलं. गाडी गारखेड्याच्या मृण्मयीकडे आली. ती मुलांना तबला शिकवायची. सिग्नलला थांबली की तिची बोटं झाकणावर हलकेच ठेका धरायची. आत पडून मी तो ऐकायची. गाडी नवी होती तेव्हा पाहुण्यांसमोर माझं कौतुक व्हायचं. पुढं मी आत आहे हेही सगळे विसरले.

तिला गाडी वडिलांनी, श्रीधररावांनी शिकवली होती. "घाटात हात हॉर्नवरच ठेवायचा," असं ते सांगत.

एका दुपारी ती खुलताबादहून एकटीच परतत होती. उतारावर पुढचा ट्रॅक्टर अचानक थांबला. तिनं ब्रेक दाबला आणि उजव्या तळव्यानं हॉर्नही. तरी गाडी आदळलीच. पापणी लवायच्या आत मी झाकण फाडून बाहेर आले. तिचं डोकं आणि छाती मी झेलली. पण तळवा झाकणावरच होता. माझ्या जोरानं तो मागं फेकला गेला, मनगट उलटं वाकलं आणि हाडं मोडली.

काही महिन्यांनी बापलेक गाडीतलं सामान न्यायला आली. ऑपरेशन झालं होतं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं.

"ताई, ही बॅग नसती तर लई अवघड होतं," गॅरेजवाला सांडू म्हणाला.

श्रीधरराव माझ्याकडे बघत राहिले. "मीच शिकवलं तुला, हात हॉर्नवर ठेवायला."

"बाबा, तुमच्या जुन्या गाडीत एअरबॅग नव्हती. तुम्हाला कसं कळणार?"

"आणि तबला?"

"शिकवीन ना. बोल तोंडानं म्हणून शिकवीन." स्टिअरिंगमागच्या सीटवर बसून ती कप्प्यातले कागद काढू लागली. "वाजवणं आता नाही व्हायचं."

उतरताना तिनं सवयीनं उजव्या हातानं दार ढकललं. ते अडकलं होतं. तिच्या हातानं हललं नाही. श्रीधररावांनी पलीकडून येऊन ते उघडलं.

मित्रांनो, मला हळू उघडता येत नाही. हळू उघडले तर जीव वाचवता येणार नाही. म्हणून तुमच्या आईबाबांना एवढं सांगा, हात स्टिअरिंगच्या दोन्ही कडांना धरा. मधली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवा.